पीडीएफमधून वर्डमध्ये आणल्यावर विस्कटलेला तक्ता दुरुस्त कसा करायचा

सप्टेंबर उजाडला की नौपाड्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात हाउसिंग सोसायट्यांची रीघ लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्याआधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस द्यायची, आणि मध्येच गणपती. म्हणजे अहवाल छापायला हातात उरतात जेमतेम आठ-दहा दिवस. सेक्रेटरी पेनड्राइव्ह पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, हिशेब पीडीएफमध्ये आलाय. आम्ही तो वर्डमध्ये केला, पण तक्ता सगळा विस्कटला. जरा सरळ करून द्या."

तो तक्ता सरळ कसा करायचा ते इथे पायरीपायरीने लिहिते. सोसायटीचं उदाहरण घेतलंय कारण माझ्या हातून तेच सर्वात जास्त जातं. पण शाळेची गुणपत्रकं, दुकानाची दरपत्रकं, कोर्टात जोडायच्या याद्या, सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. पीडीएफमध्ये बहुतेक वेळा तक्ता नसतोच. अमुक अक्षर कागदाच्या डावीकडून इतकं आणि वरून इतकं, अमुक रेघ इथून तिथपर्यंत, एवढंच तिथे नोंदलेलं असतं. कोणता आकडा कोणत्या कॉलममधला, हे त्या फाइलला ठाऊक नसतं. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर अक्षरांमधली मोकळी जागा आणि रेघा बघून तक्त्याचा अंदाज बांधतं. रेघा स्पष्ट असतील तर अंदाज बरोबर येतो. रेघा नसतील, किंवा मधले सेल रिकामे असतील, तर चुकतो. म्हणून दुरुस्ती म्हणजे नुसती रेघा ओढून सजावट नव्हे. कोणता आकडा कुणाचा, हे पुन्हा ठरवणं म्हणजे दुरुस्ती.

पीडीएफ कोणत्या जातीची आहे ते ओळखा

खरं तर त्याही आधी एक फोन करा. ज्यांनी हिशेब लिहिला त्यांच्याकडे मूळ एक्सेल फाइल असते. ती मागा. दहातल्या चार-पाच वेळा ती मिळते आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. लोक संकोचतात, मागत नाहीत. मागायला हरकत नाही, हिशेब सोसायटीचाच आहे.

फाइल मिळाली नाही तर पीडीएफ उघडा, तक्त्यातलं एखादं सभासदाचं नाव माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

नाव निवडताच आलं नाही, सगळं पान एका चित्रासारखं वागलं, तर ते स्कॅन आहे. नाव निवडता आलं पण नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ उमटला, तर मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. श्री-लिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या. अॅडोबी रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलात तर फॉन्ट्सच्या टॅबमध्ये त्याचं नाव दिसतं. आणि नाव मराठीतच पेस्ट झालं, तर फाइल युनिकोडमधली आहे, काम सोपं आहे.

सोपं म्हटलं तरी मराठी नावं नीट वाचून बघा. पीडीएफमध्ये अक्षराचा आकार साठवलेला असतो, त्यामुळे बाहेर काढताना ऱ्हस्व वेलांटी आधीच्या अक्षरावर सरकते, जोडाक्षर सुटतं, शब्दाच्या मध्येच जागा पडते. मी आकडे पीडीएफमधून घेते आणि नावं गेल्या वर्षीच्या अहवालातून किंवा सभासदांच्या यादीतून, म्हणजे 'जे' फॉर्मवरून. नव्वद नावांच्या वेलांट्या एकेक करून दुरुस्त करण्यापेक्षा हे लवकर होतं आणि नाव चुकत नाही. आपलं नाव चुकीचं छापलेलं कुणालाच आवडत नाही.

जुन्या फॉन्टचा मजकूर असेल तर त्याला युनिकोडमध्ये बदलणारं कन्व्हर्टर लागतं. फक्त नावांचा कॉलम त्यातून काढा. सगळा तक्ता एकदम घातला तर आकड्यांमधले स्वल्पविराम, कंस आणि तिरप्या रेघा यांचीही अक्षरं होऊन बसतात, कारण त्या फॉन्टमध्ये तीच चिन्हं मराठी अक्षरांसाठी वापरलेली असतात.

स्कॅन असेल आणि दोन पानांचाच तक्ता असेल, तर सरळ टाइप करा. जास्त पानं असतील तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडल्यास मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचला जातो, पण तक्त्याची रचना त्यात सहसा टिकत नाही. आकडे एका रांगेत एकाखाली एक पडतात. म्हणजे टायपिंग वाचतं, मांडणी हातानेच करावी लागते.

आणि एक कळकळीची विनंती. घाईत कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर थकबाकीची यादी चढवून रूपांतर करू नका. त्यात माणसांची नावं असतात, फ्लॅट नंबर असतात, कुणाचे किती पैसे थकलेत ते असतं. हे काम आपल्या कॉम्प्युटरवरच होतं. गूगल ड्राइव्हवर टाकायचं झालं तरी आधी कमिटीला विचारा.

रूपांतर कुठे करायचं

वर्ड २०१३ पासून पीडीएफ थेट उघडतं. फाइल, ओपन, पीडीएफ निवडायची, बस. मजकुरात अधूनमधून छोटे तक्ते असतील तर हेच बरं.

पण पूर्ण पानभर आकडे असतील तर मी वर्डच्या वाट्याला जात नाही, आधी एक्सेलमध्ये नेते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलमध्ये डेटा टॅब, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम पीडीएफ असं गेलं की एक खिडकी उघडते. तिच्यात डावीकडे सापडलेले तक्ते आणि पानं यांची यादी येते. एकेकावर क्लिक करून उजवीकडे बघा. रेघा नसलेला तक्ता कधी कधी तक्ता म्हणून अर्धवटच सापडतो. अशा वेळी त्याच पानाची नोंद निवडा, त्यात पूर्ण येतो. मग लगेच लोड न करता ट्रान्सफॉर्म डेटा दाबा. उजवीकडच्या पायऱ्यांमध्ये चेंज्ड टाइप नावाची पायरी आपोआप लागलेली असते, ती काढून टाका. नाहीतर दुकान नंबर ००४ चा नुसता ४ होतो. या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे रिकामा सेल रिकामाच राहतो, नल असं लिहून दाखवतो. का, ते पुढे कळेल.

जुनं एक्सेल असेल तर टॅब्युला नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते ब्राउझरमध्ये उघडतं, पण चालतं आपल्याच कॉम्प्युटरवर. तक्त्याभोवती माउसने चौकोन ओढायचा आणि दोनपैकी एक पद्धत निवडायची. रेघांचा तक्ता असेल तर लॅटिस, बिनरेघांचा असेल तर स्ट्रीम. स्कॅन केलेल्या पानांवर ते चालत नाही. त्यातून निघालेली सीएसव्ही फाइल (कॉलम स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडली तर मराठीचा कचरा दिसू शकतो. फाइल बिघडलेली नसते. डेटा टॅबमधल्या फ्रॉम टेक्स्टमधून आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये यूटीएफ-८ निवडा.

रिकामे सेल: इथे सावकाश जा

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची थकबाकीची यादी मी करत होते. कॉलम नेहमीचेच: फ्लॅट नंबर, नाव, मागील थकबाकी, चालू आकारणी, व्याज, एकूण. पीडीएफमध्ये आडव्या रेघा नव्हत्या. फ्लॅट ३०२ मध्ये एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांची मागील बाकी काहीच नव्हती, म्हणून तो सेल कोरा. रूपांतरात तो कोरा सेल गिळला गेला आणि मागील थकबाकीचा कॉलम तिथून पान संपेपर्यंत एकेक घर वर सरकला. ३०३ चे १८,४०० रुपये ३०२ समोर आले.

मी कॉलमची बेरीज मूळ पीडीएफशी ताडली होती. ती पैशापैशाने जुळली. जुळणारच, कारण एकही आकडा हरवला नव्हता, फक्त जागा बदलली होती. अहवाल छापला, वाटला गेला. सभेत बाई उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी एकही महिना चुकवलेला नाही." सेक्रेटरींनी तिथेच माफी मागितली, दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीपत्रक छापून दिलं. पण तोवर ते नाव घरोघरी थकबाकीदार म्हणून वाचलं गेलं होतं.

तेव्हापासून उभ्या बेरजेवर मी काम सोडत नाही, आडवीही मारते. एक्सेलमध्ये तक्त्याच्या उजवीकडे एक जादा कॉलम घ्या. त्यात मागील थकबाकी अधिक चालू आकारणी अधिक व्याज, वजा एकूण, असं सूत्र लिहा आणि खालपर्यंत ओढा. प्रत्येक ओळीत शून्य आलं पाहिजे. जिथून शून्य यायचं थांबलं, तिथे कॉलम सरकलेला आहे. पीडीएफ बाजूला उघडून ती ओळ बघा, सरकलेला कॉलम तिथे निवडा, राइट क्लिक करून इन्सर्ट, शिफ्ट सेल्स डाउन. एक घर खाली गेलं की सूत्र वरून पुन्हा खालपर्यंत ओढा, कारण सेल सरकले की सूत्रही त्यांच्या मागे सरकतं. मग पुढची शून्यं येतात.

हे सूत्र अधिकच्या चिन्हानेच लिहा, सम वापरू नका. सम हे फंक्शन मजकूर असलेला सेल गुपचूप सोडून देतं आणि बेरीज कमी येते. अधिकचं चिन्ह मात्र न कळणाऱ्या मजकुरापाशी अडतं आणि एरर दाखवतं. आपल्याला ती एररच हवी आहे.

आकडे मजकूर का होतात? कारणं ठरलेली आहेत. देवनागरी आकडे एक्सेलला मजकूर वाटतात. फाइंड-रिप्लेस उघडून शून्य ते नऊ असे दहा वेळा बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम. दुसरं, आकड्याच्या शेवटी न दिसणारी जागा चिकटून येते, आणि ती साधी स्पेस नसते, त्यामुळे जादा जागा काढणाऱ्या ट्रिम फंक्शनने जात नाही. सेलमध्ये शिरून ती जागा माउसने निवडा, कॉपी करा, फाइंडच्या चौकटीत पेस्ट करा, रिप्लेसची चौकट कोरी ठेवून सगळीकडे बदला. तिसरं, वजा चिन्हाच्या जागी लांब डॅश आलेला असतो, तो साध्या वजा चिन्हाने बदला. आणि मुळात डॅश म्हणजे काही नाही अशा अर्थाने लिहिलेला असेल तर तो सेल कोरा करा.

झटपट तपासणी हवी असेल तर पूर्ण कॉलम निवडून एक्सेलच्या खालच्या पट्टीकडे बघा. काउंट आणि न्यूमेरिकल काउंट दोन्ही दिसतील असं तिथे राइट क्लिक करून ठरवा. दोन्हीत फरक असेल तर तितके आकडे अजून मजकूर आहेत, शीर्षकाचा सेल सोडून.

वर्डमध्येच दुरुस्त करायचा असेल तर

कधी तक्ता छोटा असतो, एक्सेलपर्यंत जायचं कारण नसतं. तेव्हा आधी फाइलची प्रत काढा आणि लपलेल्या खुणा दाखवणारं बटण चालू करा, कंट्रोल, शिफ्ट आणि ८. तक्त्यात कर्सर ठेवून लेआउट टॅबमध्ये व्ह्यू ग्रिडलाइन्सही चालू करा. आता खरं रूप दिसेल.

सेलच्या सीमा दिसत नाहीत, नुसते बाण दिसतात, म्हणजे तो तक्ता नाही, टॅबने सरकवलेला मजकूर आहे. एका ओळीत लागोपाठ दोन-तीन बाण असतील तर घाईने एक करू नका, त्यातला एखादा बाण रिकाम्या सेलचा असू शकतो. पीडीएफ बघत प्रत्येक ओळीत बाणांची संख्या सारखी करा. मग सगळं निवडून इन्सर्ट, टेबल, कन्व्हर्ट टेक्स्ट टु टेबल, आणि वेगळं करण्याची खूण टॅब. वर्ड विचारतो त्या कॉलमच्या संख्येकडे लक्ष द्या. सहाचे सात दिसले तर कुठल्या तरी ओळीत बाण जास्त आहे. रद्द करून ती ओळ शोधा.

सीमा दिसतात पण सेल भलतेच जोडले-तोडलेले, एका कॉलमचे तीन कॉलम झालेले, असा तक्ता असेल तर उलट करा. लेआउटमध्ये कन्व्हर्ट टु टेक्स्ट दाबून त्याचा साधा मजकूर करा, बाण सारखे करा, पुन्हा तक्ता बनवा. एकेक सीमा ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. मजकूर सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये आला असेल तर तिथे वेळ घालवू नका, एक्सेलच्या वाटेने जा.

प्रत्येक पानाचा वेगळा तक्ता झाला असेल तर जोडता येतो. दोन्हींच्या टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग नन करा, मधल्या रिकाम्या ओळी डिलीट करा, तक्ते एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या पानावर पुन्हा आलेलं शीर्षक काढून टाका.

रूप

रचना बरोबर झाल्यावरच याला हात लावा. तक्ता निवडून कंट्रोल-क्यू आणि मग कंट्रोल-स्पेस दाबा. रूपांतरातून आलेले विचित्र इंडेंट, अंतरं आणि फॉन्ट निघून जातात.

मात्रा, वेलांट्या, रफार वरून कापलेले दिसतात, ही मराठी तक्त्यांची हमखास तक्रार. लोक फॉन्ट बदलत बसतात. दोष फॉन्टचा नसतो. रूपांतर करताना ओळीची उंची एक्झॅक्टली अशी बांधली जाते, आणि ती इंग्रजी अक्षरांना पुरते, आपल्या वरच्या-खालच्या मात्रांना पुरत नाही. टेबल प्रॉपर्टीजमध्ये रो टॅबवर एक्झॅक्टलीच्या जागी अॅट लीस्ट करा. पॅराग्राफच्या खिडकीतही लाइन स्पेसिंग सिंगल करा. दोन्हीकडे बघा, एकीकडे बदलून अर्धंच काम होतं.

अक्षराचा आकार बदलूनही मराठी बदलत नाही, फक्त इंग्रजी बदलतं, असंही होतं. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टमध्ये धरतं आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा ठेवतं. कंट्रोल-डी दाबून खिडकीच्या त्या भागात मंगल, कोकिला, निर्मला यांपैकी जो हवा तो फॉन्ट आणि आकार द्या. अहवालासाठी मी मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंकाने मोठं ठेवते. सोसायटीच्या सभेला वयस्कर मंडळी जास्त असतात, त्यांना वाचता आलं पाहिजे.

कॉलमच्या रुंदीसाठी लेआउटमध्ये आधी ऑटोफिट कंटेंट्स, मग ऑटोफिट विंडो, आणि जमलं की फिक्स्ड कॉलम विड्थ. शेवटचं विसरलात तर पुढे एक लांब नाव टाइप करताच बाकीचे कॉलम हलतात. आकडे उजवीकडे, नावं डावीकडे, फ्लॅट नंबर मध्यभागी. कॉलम आठपेक्षा जास्त असतील तर अक्षर बारीक न करता तेवढंच पान आडवं घ्या. त्या पानाच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक टाकला की बाकीचा अहवाल उभाच राहतो.

शीर्षकाच्या ओळीत कर्सर ठेवून लेआउटमधलं "रिपीट हेडर रोज" हे बटण दाबा, म्हणजे प्रत्येक पानावर शीर्षक येईल. येत नसेल तर टेक्स्ट रॅपिंग अजून अराउंडवर आहे, नन करा. रो टॅबवर अलाउ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेसची खूण काढा. नाव एका पानावर आणि रक्कम दुसऱ्या पानावर असं होणार नाही.

छापण्याआधी

वर्डमधला तयार तक्ता पूर्ण कॉपी करून एक्सेलच्या कोऱ्या पानावर पेस्ट करा आणि उभी-आडवी बेरीज पुन्हा एकदा मारा. सजावट करताना चुकून कंट्रोल-एक्स दाबलं गेलेलं असतं, एखादी ओळ गेलेली असते. ओळींची संख्या सभासदांच्या संख्येशी ताडा. मग दोघांनी मिळून वाचा. एकाने मूळ पीडीएफवरून फ्लॅट नंबर आणि रक्कम मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर टिक करायची. सेक्रेटरींना मी हे दुकानातच बसून करायला लावते, चहा मागवते. चौऱ्याऐंशी फ्लॅटना वीस मिनिटं लागतात.

व्हॉट्सअॅपवर पाठवायची प्रत सेव्ह अॅज करून पीडीएफच करा. वर्ड फाइल पाठवली तर ज्यांच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही त्यांच्याकडे तक्ता पुन्हा हलतो. पाठवण्याआधी एकदा स्वतःच्या फोनवर उघडून शेवटचं पान बघा, बेरजेची ओळ तिथेच असते. आणि तपासलेली एक्सेल फाइल वर्षाचं नाव देऊन, २०२४-२५ असं, सोसायटीच्या ईमेलवर ठेवा. कमिटी बदलली तरी पुढच्या सप्टेंबरमध्ये नवीन सेक्रेटरींना नावं तिथून घेता येतील.